डब्यातले पीच

माझ्या बहिणीबद्दल दोन शब्द सांगा, म्हणून लोकांचे फोन येतात. कधी अटलांटाहून, कधी न्यूयॉर्कहून, एकदा तर थेट लंडनहून आला, तोही मी शाळेची बस धूत असताना. दोनच शब्द हवे असतील तर घ्या लिहून: डोक्याला ताप. पण ते कुणी छापत नाही. त्यांना ऐकायचं असतं की ओझेला रोझिअर लहानपणापासून कशी धीट होती, अन्यायासमोर कशी उभी राहायची. उभी कसली राहतेय. ती बसते. घडीची खुर्ची घेऊन येते, दारात मांडते आणि बसते. नुसतं बसून तिने भल्याभल्यांना जेरीला आणलंय, आणि त्यात पहिला नंबर माझा.

मी कॉर्डी, तिची धाकटी बहीण. मी शाळेची बस चालवते. तिच्या पुस्तकाच्या पाठीवर लिहिलंय: काळी ट्रान्स स्त्री, कार्यकर्ती, लेखिका. माझ्याबद्दल आत काय लिहिलंय, तर माझ्या बहिणीने पाणी उकळायला ठेवलं तरी ते करपतं. खोटं नाही. पण छापायची काही गरज होती का, तुम्हीच सांगा.

आम्ही जॉर्जियातल्या वेदरलीच्या. इथे पीचच्या बागा गोऱ्यांच्या आणि पीच तोडणारे हात आपले, हे आजीच्या काळापासून. आजीचं नावही ओझेलाच. ती उन्हाळाभर शेडमध्ये पीच निवडायची. पीचवरची ती बारीक लव मानेत, कोपरात, पापण्यांत जाऊन बसते, आणि मग जी खाज सुटते ती आंघोळीनेही जात नाही. आजी घरी आली की व्हरांड्यातच उभी राहून अंगावर बादली ओतून घ्यायची.

आणि त्याच आजीचं पीचचं कॉबलर पंचक्रोशीत गाजलेलं. खाली पाकातले पीच, वर लोण्याच्या पिठाचं खरपूस कवच. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आमच्या शायलो चर्चमध्ये घरपरतीचा दिवस असतो. गाव सोडून डेट्रॉइटला, नेवार्कला गेलेले सगळे त्या दिवशी येतात, प्रार्थना होते, मग झाडाखाली टेबलं लागतात. तेव्हा बागांमध्ये औषधाला पीच उरलेला नसतो. मग आमच्या घरच्या बायकांना पीच मिळतात कुठून? कुणी म्हणे आजीचं एक गुप्त झाड आहे ओढ्याच्या पलीकडे. कुणी म्हणे ती जुलैतच फळं मधात बुडवून पुरून ठेवते. सिस्टर बर्निसच्या आईने तर म्हणे आजीचा माग काढला होता आणि काट्यात पडली. बर्निस म्हणजे आमच्याच चर्चमधली, आमच्या घराण्याची पिढीजात वैरीण. त्यांचा रताळ्याचा पाय, म्हणजे पिठाच्या कवचातलं गोड सारण, दरवर्षी आमच्या कॉबलरच्या शेजारी मांडलेला असतो आणि दरवर्षी उरतो.

कॉबलरचं बिडाचं भांडं आईकडून थोरल्या मुलीकडे जातं. आजीकडून आईकडे आलं. आईच्या मागून कुणाकडे, हा प्रश्न लहानपणी आमच्या घरात कुणी काढत नसे. कारण थोरलं मूल, म्हणजे ओझेला, आमची झेल, जगाच्या लेखी मुलगा होती. तेव्हाचं नाव मी सांगणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी विसरावं, ज्यांना नाही त्यांनी विचारू नये. उरली मी, आणि माझं म्हणाल तर पाणी करपतं.

घरपरतीच्या आदल्या शनिवारी आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. आत फक्त झेल. मी बाहेर.

बाबा कुरकुरायचे, "पोराला काय चुलीपाशी घेऊन बसतेस?"

"मला हाताखाली कुणीतरी लागतं," आई म्हणायची. "कॉर्डी भांडी फोडते."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून माश्या मारायची. आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. मला वाटायचं, हे सगळं मी फोडलेल्या त्या निळ्या बशीमुळे झालंय.

शाळा संपल्या संपल्या झेलने अटलांटाची बस धरली. केस करायच्या दुकानात नोकरी लागली आणि काही वर्षांनी कळलं की तिने आजीचं नाव घेतलंय. ओझेला. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, म्हाताऱ्या बाईच्या कबरीवरची माती सुकली नव्हती. बाबांनी तिचा फोटो कपाटावरून काढला. आईने तो धुतलेल्या चादरींच्या घडीत ठेवला. का ठेवला, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "चादरी काढताना जपून काढ."

मग त्या रोगाची, एड्सची, वर्षं आली. तिच्या ओळखीची माणसं एकेक करून जात होती आणि त्यांच्या खाटेजवळ जायला सख्खे भाऊ तयार नव्हते. ही दुकान बंद झालं की सूप घेऊन जायची, तोंडं पुसायची, केस विंचरायची. तिच्यासारख्याच, घरातून हाकललेल्या मुलींना आपल्या खोलीत आणून ठेवायची. खोलीचं घर झालं, घराची दोन झाली. आणि जागा पुरेनाशी झाली की मला फोन.

"कॉर्डी, एक मुलगी आठवडाभर पाठवतेय. फार शांत आहे."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. शांत मुलगी माझ्याकडे वर्षभर राहिली आणि माझा सोफा रंगवून गेली. जांभळा. तो अजून तसाच आहे.

तुरुंगाचं प्रकरण तर पेपरात आलं होतं. कुठल्याशा काउंटीत तिच्या एका मुलीला पुरुषांच्या कोठडीत टाकलं होतं. झेल गेली, खुर्ची मांडली आणि दारात बसली. घोषणा नाही, फलक नाही. मांडीवर तळलेल्या चिकनचा डबा, शेजारी मक्याचा ब्रेड आणि शिजवलेली पालेभाजी. दुपारी पहारेकऱ्याला म्हणाली, "बाळा, जेवलास का?" तो नाही म्हणाला. तिने वाढलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या साहेबाला वाढलं. तिसऱ्या दिवशी साहेबाच्या साहेबाला. खाल्लेल्या घासाची लाज काय असते ते आमच्या आईला विचारा. तिने आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही, फक्त ताटात आणखी एक तुकडा वाढून समोर बघत बसली. त्या मुलीला आठवडा संपायच्या आत हलवलं. पेपरवाल्यांनी लिहिलं, धाडसी आंदोलन. ते चिकन माझ्या तेलात, माझ्या गॅसवर तळलेलं होतं, हे कुणी लिहिलं नाही.

बाबा गेले तेव्हा ती पहिल्यांदा चर्चमध्ये आली. काळा झगा, काळी टोपी, पायात हिल्स. सगळं चर्च माना न वळवता बघत होतं. ही कला आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. आईने बाकावरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. तेवढी जागा झाली. झेल बसली. बोलणं काही झालं नाही. आमच्या घरात बोलत नाहीत, वाढतात.

तेव्हापासून ती येऊ-जाऊ लागली. पण आईने तिला नावाने हाक मारली नाही ती नाहीच. "माझं थोरलं आलंय का?" "थोरल्याला दे तो पंखा." आणि स्वयंपाकघरात काही तिला घेतलं नाही. घरपरतीच्या आदल्या दिवशी आई एकटीच दार लावून घ्यायची. झेल माझ्याशेजारी पायरीवर बसायची. एवढी हॉटेलांत भाषणं देणारी बाई, पण त्या दाराकडे असं बघायची की मला तिचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

"तिला एकदा विचार की," मी म्हणायची. "तोंड आहे ना तुला? जजसमोर चालतं."

"जजने मला जन्म दिला नव्हता," ती म्हणायची.

आणि मग तिने ते पुस्तक लिहिलं. कुठे, तर माझ्या जेवणाच्या टेबलावर. अख्खा हिवाळा आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. मी बसवर पोरांची आरडाओरड ऐकून यायची आणि ही दारातच धरायची, "हे वाक्य ऐक." ऐकलं. "आता हे ऐक." तेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे. नाकी नऊ आणले. पुरं पुस्तक मात्र वाचू दिलं नाही. छापून आल्यावर वाच म्हणाली.

छापून आलं. वेदरलीत ते मेथी-कोथिंबिरीसारखं खपलं. चर्चच्या बायका लाज वाटते म्हणून वेष्टन घालून वाचत होत्या, आणि प्रत्येकीचं वेष्टन एकच, गेल्या वर्षीचं चर्चचं कॅलेंडर. मी मनाशी म्हटलं, झालं. आता यात ती रस्त्यावरची वर्षं आहेत, पोलिसांचा मार आहे, ऑपरेशन आहे, चर्चच्या कुठल्या डीकनने, म्हणजे कारभाऱ्याने, कुठे हात लावला होता तेसुद्धा आहे. आता आईला चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

आईची नजर अधू झालीय. म्हणाली, "वाचून दाखव."

"आई, सगळं नको. मी निवडून वाचते."

"मी निवडून जन्माला घातलं नव्हतं. वाच."

रोज संध्याकाळी वाचलं. ती व्हरांड्यात झोपाळ्यावर, मांडीवर शेंगा सोलत. रस्त्यावरची वर्षं आली, मी ग्लास उचलला. आई म्हणाली, "पाणी पी. पुढे." पोलिसांचं आलं. शेंगा सोलायची थांबली, मग पुन्हा सोलू लागली. ऑपरेशनचं आलं. "दुखलं असेल," म्हणाली. डीकनचं आलं. "मला वाटलंच होतं," म्हणाली, आणि त्या रविवारी त्या म्हाताऱ्या डीकनच्या ताटात तिने काही वाढलं नाही. अख्ख्या चर्चने ते पाहिलं. आपल्याकडे यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

मला वाटलं, देव पावला. मग शेवटून तिसरं प्रकरण आलं.

त्यात झेलने लिहिलं होतं: मी नऊ वर्षांची होते. आईने मला स्टुलावर उभं केलं, दाराला कडी लावली आणि ओट्याखालून पीचचे डबे काढले. दुकानातले, टिनचे. ती म्हणाली, ही आजीची रीत. आजीने उन्हाळाभर दुसऱ्यांचे पीच इतके हाताळले होते की स्वतःच्या घरात एकही सोलणार नाही, अशी तिने शपथ घेतली होती. डबे मी उघडायचे, आई पाक आटवायची, आणि रिकामे डबे आम्ही दोघी ओढ्यापलीकडे पुरून यायचो.

मी वाचता वाचता थांबले. डबे? आमचं कॉबलर? डेट्रॉइटहून माणसं ज्याच्यासाठी येतात ते डब्यातलं? मी इतकी वर्षं पायरीवर बसून माश्या मारल्या त्या ह्याच्यासाठी?

"आई, हे खरं आहे?"

आईने शेंगांचं भांडं खाली ठेवलं. "बंद कर ते," म्हणाली. उठली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून झेलचा फोन घेईना. थोरलं कसं आहे, हे विचारणंही बंद.

गावात तर कल्ला. पीचच्या देशात राहून डब्यातले पीच! ज्या बायकांनी ऑपरेशनचं प्रकरण कॅलेंडराआड दोनदा वाचलं होतं त्यांना आता धक्का बसला. बुधवारी बायबल वाचनाला सिस्टर बर्निस हनुवटी वर करून आली.

"कॉर्डी, बाई, मी तुझ्या बहिणीबद्दल कधी वाकडा शब्द बोलले नाही. ज्याचं त्याचं आयुष्य. पण डबे?"

"मग बत्तीस वर्षं बोटं चाटत होतीस ती कशाला?" मी विचारलं.

"मला तेव्हाच चव लागली होती," ती म्हणाली. "टिनची."

चोराच्या उलट्या बोंबा. हिच्या रताळ्याच्या पायमध्ये काय असतं ते मी दुकानात हिच्या मागे रांगेत उभी राहून पाहिलंय. पण मी मूग गिळून बसले, कारण पास्टर समोर होते.

झेलला फोन केला. तिकडून ती भडकली. "अख्ख्या पुस्तकात तिला फक्त डबे दिसले? तो बहाणा आहे, कॉर्डी. तिला लाज वाटते ती माझी. तोंडावर म्हणता येत नाही म्हणून पीचवर ढकलतेय."

"मग तू ये आणि विचार."

"काय विचारू? आई, मी तुझी मुलगी आहे का? या वयात?"

मी फोन ठेवला. इकडे आई बोलेना, तिकडे ही ऐकेना, आणि मधे मी, अडकित्त्यातल्या सुपारीसारखी.

ऑगस्ट आला. आई पायरीवरून घसरली, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. एका हाताने पीठ मळता येईना. एका दुपारी तिने ते बिडाचं भांडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. एवढं जड की मी ते दोन्ही हातांनी धरलं.

"यंदा तू कर," म्हणाली. "यापुढे तूच."

"आई, मला येत नाही. ते झेलला येतं. तिला दे. तिला त्याच्याशिवाय आयुष्यात दुसरं काही नकोय, तुला दिसत नाही का?"

"तुला दिलंय," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मी एकदा करून पाहिलं. वरचं कवच कोळसा, खाली पीच गार. शेजारच्या कुत्र्याने वास घेतला आणि तो त्याच्या घरी निघून गेला. मग मी पुन्हा फोन केला आणि झेलला खरं ते सांगितलं: भांडं माझ्याकडे आलंय. आई सत्त्याऐंशीची आहे. ती एकदा गेली की हे असंच राहणार, तुझ्या मनात एक आणि तिच्या मनात एक, आणि ते घेऊन मी म्हातारी होणार. मला ते नको.

पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजल्या. मग म्हणाली, "माझी खुर्ची गाडीतच आहे."

"खबरदार," मी म्हटलं. "ती आई आहे, तुरुंग नाही."

ऐकेल तर ती झेल कसली. घरपरतीच्या आदल्या शनिवारी, सकाळी, पिवळी टोपी घालून ती आली. आईच्या व्हरांड्यात खुर्ची उघडली, जाळीच्या दारासमोर मांडली आणि बसली. मांडीवर डबा. मी कपाळावर हात मारला.

आई आत स्वयंपाकघरात होती. मी आत गेले.

"ती आलीय."

"दिसतंय."

"बाहेर बसलीय."

"तिला सावलीत बसायला सांग."

मी बाहेर आले. "सावलीत बस म्हणते."

"तिला सांग, मी दार उघडेपर्यंत इथेच आहे."

आत गेले, सांगितलं. "आपलं दार," आई म्हणाली, "उघडंच आहे. जाळीला कडी नाहीये." बाहेर येऊन सांगितलं. झेल म्हणाली, "बोलावल्याशिवाय मी आत जाणार नाही." आत जाऊन सांगितलं. आईने भुवई उचलली. ऊन चढलं. मी आतून बाहेर, बाहेरून आत, घामाघूम. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी आमच्या घरासमोर हळू होत होती. सिस्टर बर्निस तर चालत आली, तीही दोनदा, आणि दोन्ही वेळा म्हणे तिला टपाल टाकायचं होतं. टपालपेटी उलट्या बाजूला आहे.

झेलने डब्याचं झाकण काढलं. "सांग तिला, मी चिकन आणलंय. तिने काही खाल्लं नसेल."

मी ते चिकन घेऊन आत गेले आणि माझा बांध फुटला. "पुरे झालं. मी बस चालवते ती पोरांची, तुम्हा दोघींची नाही. आई, ती बाहेर उन्हात बसलीय कारण तिला वाटतं तुला तिची लाज वाटते. वाटते का? वाटत असेल तर जाऊन तोंडावर सांग. नसेल तर तसं सांग. मी आता एक निरोप नेणार नाही."

आईने त्या चिकनकडे पाहिलं. मग उठली, प्लास्टरचा हात छातीशी धरून व्हरांड्याच्या दारापर्यंत आली. जाळीच्या अलीकडे ती, पलीकडे झेल.

"लाज?" आई म्हणाली. "कोण म्हणतं लाज?"

झेल उठून उभी राहिली. टोपी हातात घेतली. "मग माझा फोन का घेत नाहीस?"

"तू गुपित फोडलंस म्हणून."

"डब्यांचं? आई, ते डबे आहेत. मी त्या पुस्तकात काय काय लिहिलंय..."

"ते तुझं होतं. तुझं तू लिहिलंस, चांगलं लिहिलंस, मी ऐकलं सगळं. डबे तुझ्या एकटीचे नव्हते." आईचा आवाज तेवढाच होता, नेहमीचा. "माझ्या आईने मला सांगितलं, दार लावून. तिची थोरली मुलगी म्हणून. तुझ्या बाबांना कधी कळलं नाही, ते मरेपर्यंत. तुझ्या मावश्यांना नाही. या कॉर्डीला विचार, तिला मी सांगितलं होतं का."

"नाही," मी म्हणाले. "मला पुस्तकातून कळलं. बर्निसला कळलं त्याच आठवड्यात."

"ते थोरल्या मुलीलाच सांगतात," आई म्हणाली. "मी तुला सांगितलं. नऊ वर्षांची होतीस."

  टोपीची कड झेल बोटांनी चुरगाळत होती.

"तुला तेव्हा ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"मी काय शहाणी होते का? मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. आजी म्हणाली, मुलगी नऊ वर्षांची झाली की सांग. मी दोघांकडे पाहिलं, आणि ज्याला सांगायचं त्याला सांगितलं."

"मग मला आत का घेत नव्हतीस? इतकी वर्षं?"

"तू विचारलंस कधी? पाहुण्यासारखी येऊन पायरीवर बसायचीस. मला वाटलं, आता मोठी माणसं ओळखीची झाली, चुलीशी कशाला येईल."

मला दोघींना एकमेकींवर आपटावंसं वाटलं.

झेल रडत होती, नाक पुसत होती, काजळ गालावर. "आई, मी आणखी कुणाला सांगणार होते? मला मुलगी नाही. कॉर्डीला तीन मुलगे. माझ्यानंतर ते संपलंच असतं. म्हणून लिहून ठेवलं."

"तुझ्या घरात पोरींची रांग लागलीय म्हणे," आई म्हणाली. "एवढ्या वर्षांत त्यांतली एकही तुझी थोरली नाही? एकीला इथे आणायचं, आत घ्यायचं, कडी लावायची. छापायचं कशाला, ओझेला?"

पहिल्यांदा. मी तिथेच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. झेलने खांबाला हात टेकला.

आईने जाळीचं दार ढकललं. "ये आत. हात धू. मला एका हाताने डबे उघडता येत नाहीत."

झेल आत गेली. मी मागोमाग निघाले. आईने चांगला हात आडवा धरला.

"तू कुठे?"

"आता कसलं गुपित, आई? अटलांटाच्या विमानतळावर विकायला ठेवलंय ते."

"धाकटीला सांगत नाहीत," आई म्हणाली. "त्यातून तू भांडी फोडतेस. ते चिकन खा आणि बर्निस आली तर तिला सांग, टपाल सोमवारी निघतं."

आतून स्वयंपाकघराची कडी लागली. मी झेलची खुर्ची सावलीत ओढली आणि तिच्यात बसले. चिकन या वेळी तिच्याच तेलातलं, पण चव ओळखीची. थोड्या वेळाने आत पहिला डबा उघडल्याचा आवाज आला, आणि मग दोघी हसल्या.